घाटातली सूचना

दुपार टळत आली तेव्हा बसमध्ये दोघंच उरली होती, ड्रायव्हर आणि ती. बाकीचे प्रवासी घाटाखालीच उतरून गेले होते.

ती ताईकडे निघाली होती, घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. ऑपरेशननं जीव वाचवला, आवाज मात्र नेला. आता बोलायला गेलं की नुसती कुजबुज निघायची, तीही समोरच्यानं कान जवळ आणला तर.

आणि तिचं पोट तर आवाजावरच चालायचं. प्रवासाच्या ॲपमध्ये बोलणारी बाई म्हणजे तीच. बस कुठवर आली, कुठला रस्ता बंद आहे, कुठं उतरायचं, सगळं लोकांना तिच्या आवाजात कळायचं. बंद खोलीत माइकसमोर बसून तिनं गावांची नावं आणि सुटी वाक्यं बोलून ठेवली होती. यंत्र ती हवी तशी जोडून घ्यायचं. हल्ली घरी कुणी फिरकत नसे. फारच एकटं वाटलं की ती ॲप उघडून कुठल्यातरी गावचा रस्ता विचारायची. तेवढंच घरात कुणीतरी बोलायचं.

बस वर चढू लागली तसं धुकं काचांना येऊन चिकटलं. ओल्या मातीचा आणि तापलेल्या ब्रेकचा वास आत भरला.

"पुढे तीव्र वळण. वेग कमी करा," ड्रायव्हरसमोरचा स्क्रीन बोलला.

"घरी बायकोचं ऐकत नाही," ड्रायव्हर आरशातून हसला, "पण या बाईचं निमूट ऐकतो बघा!"

तिलाही हसू आलं. ती बाई मीच, असं सांगायचं ओठांवर आलं होतं. पण इंजिनाच्या घरघरीत तिची कुजबुज कुणाला ऐकू जाणार?

वळण सरलं न सरलं तोच स्क्रीन पुन्हा बोलला. "सावधान. पुढे दरड कोसळली आहे. गाडी थांबवा."

त्यानं करकचून ब्रेक दाबला. इंजिन बंद झालं आणि सगळं चिडीचूप झालं.

"बसा बाई, मी बघून येतो." तो उतरला आणि चार पावलांत धुक्यात दिसेनासा झाला.

तिच्या कानातल्या इअरफोनमध्ये बारीक खरखर झाली. मग तोच आवाज आला, अगदी हळू, शेजारी बसून बोलावं तसा.

"तू बस इथंच... मी होते पुढं."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. असलं वाक्य तिनं कधीच बोलून ठेवलं नव्हतं. ॲपमध्ये सगळ्यांना 'आपण' म्हणायचं अशी सक्त ताकीद होती. तिनं इअरफोन काढून टाकला आणि ताईला फोन लावला. फोन ओठांना लावला तर उशीर होईल एवढं तरी तिला ऐकू जाईल.

"अगं चिमणे, फोन कशाला करतेस?" ताई आनंदून गेली होती. "मोबाइलच्या नकाशावर तुझा ठिपका दिसतोय की आमच्या फाटकापाशी! आणि हाक ऐकली मी. आवाज परत आला तुझा... मला सांगितलंसुद्धा नाहीस!"

"ताई... ती मी नाही..."

"हॅलो? काही ऐकू येत नाही गं. थांब, दार उघडते."

"ताई, नको..." जीव एकवटून ती ओरडली. घशातून वारा निघावा तेवढंच निघालं.

ड्रायव्हर पायऱ्या चढून आत आला. "रस्ता अगदी मोकळा आहे हो! दरड-बिरड काही—"

तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली, फोन त्याच्या तोंडाशी नेला आणि कानाशी लागून म्हणाली, "ओरडा... दार उघडू नका म्हणावं..."

तिचा चेहरा पाहून तो फोनमध्ये ओरडला. "अहो बाई, दार उघडू नका! ऐकताय का?"

त्यानं फोन कानाला लावला. मग त्यानं फोन सावकाश खाली घेतला.

"ठेवला त्यांनी. म्हणाल्या, नंतर बोलू... माझी बहीण आलीय."

तिनं त्याला पुढं चलायची खूण केली. त्यानं घाईघाईनं इंजिन सुरू केलं. स्क्रीन उजळला.

"आपण इच्छित स्थळी पोचला आहात," तिचा आवाज म्हणाला. त्या आवाजामागून कुणीतरी हसत होतं. ते हसणं ताईचं होतं.