काम या रकान्यात

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी जांभई देत होते, आणि ती मी अर्ध्यावर थांबवलीसुद्धा नाही. कशाला थांबवू? सव्वीस पूर्ण झालेली, सात मुलं बघून गेलेली. सात वेळा पोहे, सात वेळा "कळवतो". चेहरा नीट ठेवायचाही आता कंटाळा आला होता.

परळीत स्टेशन रोडला माझ्या दादाचं इंटरनेट कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, एक पंखा. दादा दिवसभर वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, किराणा दुकानात, म्हणून कॅफेत मी बसायचे. २००६ साल होतं. गावात विजेचं एवढं मोठं केंद्र, त्याची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि वीज मात्र दुपारी तीन तास गुल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही रोज बघत होतो.

"नाव, पत्ता, वेळ, काम, सही," मी रजिस्टर पुढं सरकवलं. आल्या-गेल्याची नोंद ठेवा, असं पोलिसांनी सांगून ठेवलं होतं.

त्याच्या बुटांवर राखेचा थर होता. थर्मलला कामाला असणार. त्यानं लिहिलं : सिद्धाराम, गाव तेलगाव. आणि 'काम' या रकान्यात – ऑक्टोपस.

"हे काय?"

"काम."

"इथं लोक निकाल लिहितात, फॉर्म लिहितात."

"मग मी खोटं लिहू का? मला ऑक्टोपसच वाचायचा हाय."

तासभर तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश वाचत बसला, शेजारी जाडजूड डिक्शनरी उघडी. जाताना आपणहून म्हणाला, "त्याला तीन हृदयं असतेत. पोहायला लागला की त्यातलं एक थांबतं. मग दमतो बिचारा, रांगतच जातो."

"एक हृदय असूनही तसं होतं," मी म्हणाले.

तो हसला. मी काही विनोद केला नव्हता.

तो गेल्यावर रजिस्टरच्या पानावर त्याच्या अंगठ्याचा राखेचा ठसा दिसला. तो पुसायचा सोडून मी उठले, आणि त्याच्याच खुर्चीत बसून ऑक्टोपस वाचून काढला. शेवटापर्यंत. त्यातल्या एका निळ्या शब्दावर क्लिक केलं तर समुद्राचा तळ निघाला, तळातून ज्वालामुखी, ज्वालामुखीतून एक बुडालेलं गाव. पुन्हा घड्याळ बघितलं तेव्हा सहा वाजले होते. सहा वाजेपर्यंत मला जांभई आली नव्हती!

मग तशी सवयच लागली. पहिली पाळी सुटली की आठवड्यातून दोनदा तो यायचा, रकान्यात नवं काहीतरी लिहायचा, आणि तो गेला की मी त्याच्या मागोमाग तिथं जाऊन यायचे. त्याला बोलले मात्र नाही. गिऱ्हाईक काय वाचतंय ते मागून बघत फिरणारी मुलगी... कसं दिसतं ते?

एकदा त्यानं लिहिलं – बीर ताविल.

"आता हे कोण?" मी मुद्दाम कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

"जमीन हाय. इजिप्त आन सुदानच्या मधी. दोघंबी म्हणतेत, आमची न्हाई."

"काहीतरीच. आमच्याकडं बांधावरून डोकी फुटतात."

"खरंच. दोघांचा डोळा शेजारच्या तुकड्यावर. हिला आपली म्हणलं की त्याच्यावरचा हक्क जातो. म्हणून ही पडून."

"म्हणजे कुणालाच नको असलेली."

तो डिक्शनरी काखेत धरून उभा राहिला. "तिच्यात खोट न्हाई ना पण. बघणारेच दुसरीकडं बघतेत." मग दाराकडं वळत – "मला चालली असती."

"काय?"

"जमीन."

त्या रात्री भाकरी करताना मी दोन जाळल्या. आई म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?" आणि तव्याकडं बघतच तिनं पुढचं सांगून टाकलं. रविवारी लातूरचा मुलगा येणार होता. "शिवकन्या, ह्यावेळी पसंती आली तर तू मोडता घालू नको. आम्ही दमलो आता."

मीही दमले होते. म्हणून म्हणाले, "बरं." एवढ्या दोन अक्षरांत सगळं उरकलं.

गुरुवारी सिद्धारामनं विचारलं, "रविवारी चालू हाय का?"

"नाही. पाहुणे येणारेत. मला बघायला."

"मग... तुमी काय म्हणणार?"

"हो म्हणणार. ठरलंय."

त्यानं रजिस्टर पुढं ओढलं. मग लिहिलं – झुगझ्वांग. त्या दिवशी कॉम्प्युटरवर न बसताच निघून गेला.

शनिवारी तो आला आणि वीज गेली. पंखा थांबला. तो बाकावर, मी काउंटरमागं, मधे नुसता उकाडा. तेवढ्यात हवालदार बद्रीनाथ रजिस्टर तपासायला आले. पान उलटलं, चष्मा वर केला.

"ऑक्टोपस. नाचाची साथ. बीर ताविल. झुग... हे काय हाय? सांकेतिक भाषा? काय बे, तूच का सिद्धाराम?"

तो उठला. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच बोलले.

"थांबा काका, मी सांगते. ऑक्टोपस म्हणजे तीन हृदयांचा प्राणी. नाचाची साथ पंधराशे अठरा सालची, एका गावात लोक नाचायला लागले ते दिवसेंदिवस थांबेचनात. बीर ताविल म्हणजे दोन देशांना नको असलेली जमीन. आणि ते शेवटचं बुद्धिबळातलं. काहीच न करणं सगळ्यात बरं असतं, पण पाळी आलेली असते. चाल करावीच लागते, आणि कुठलीही केली तरी नुकसान."

"तुमाला कावून एवढं पाठ?" हवालदारांनी विचारलं.

कॉम्प्युटर बंद, त्यामुळं तिकडं बघून वेळ काढायचीही सोय नव्हती.

"ते गेले की मी वाचते," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. "ह्यात गुन्हा काय दिसंना," म्हणाले, सही ठोकली आणि चहाला गेले.

"सांगितलं का न्हाई?" सिद्धारामनं हळूच विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठं? आणि तुम्हाला जमीन चालते, एवढंच मला माहीत होतं."

"जमीन कशाला लागती मला... लई उशीर केला मी. तुमी आवडता मला, शिवकन्या. उद्या त्या लातूरवाल्याला हो म्हणू नका."

मी रजिस्टर माझ्याकडं ओढलं. दोन वर्षं रोज ते दुसऱ्यांपुढं सरकवत होते, त्यात माझं नाव कधी आलं नव्हतं. लिहिलं – शिवकन्या, परळी. काम : लातूरला नको म्हणून कळवणे. खाली सही केली.

त्यानं वाचलं. पेन घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, राखेनं खरखरीत. माझ्या ओळीखाली त्यानं लिहिलं – काम : तेलगावहून आईला घेऊन येणे.

"कधी?" मी विचारलं.

"उद्याच. पोहे तर आणून ठेवले असतील ना?"

मला हसू आलं आणि रडूही. अजून आईशी भांडायचं होतं, अप्पांना समजवायचं होतं, दादा काय म्हणेल कोण जाणे. अंगात तेवढा जोर कुठून आणायचा ते कळत नव्हतं. मी कुलूप उचललं, वीज यायची वाट न बघता शटर ओढलं, आणि घराकडं निघाले.