लाल गाडी आणि मोहट्याचं तेल

“कोणी केलं हे? बोला ना… कोणी केलं?”

रूपेशचा आवाज चढला आणि हळदीच्या मांडवातली सगळी बोलणी जागच्या जागी थांबली. अंगणात त्याची लाल गाडी उभी होती. सेकंडहँड, पण त्याच्या लेखी कालच जन्माला आलेली! तिचं सारं तेज हरपलं होतं. बोनेटवर तेलाचे ओघळ, त्या तेलात रुतलेली गावच्या, पोशेऱ्याच्या रस्त्याची तांबडी धूळ, आणि ती काढायला कुणीतरी राख-काथ्याने घासल्याचे बारीक गोल गोल ओरखडे…

चुलीपाशी उभ्या असलेल्या रूपेशच्या बायकोने, रविनाने, एकदाच सासऱ्यांकडे पाहिलं आणि ती काय ते समजून गेली. लहान्याबाबांचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि अंगाला मोहट्याच्या तेलाचा वास येत होता. जन्मभर नांगराला, ढोलाला, कोयत्याच्या मुठीला मोहाच्या बियांचं तेल चोळणारा हा माणूस, लेक ज्या गाडीतून सासरी जायची तिला कोरडी कशी धाडणार? लाकूड तेल पितं नि खुलतं. गाडीचा रंग तेल पीत नाही, हे त्या भल्या जिवाला ठाऊकच नव्हतं.

आणि बापलेकांचं बोलणं तर कुठे आता सुरू झालं होतं! शेती टाकून रूपेश ठाण्याला ड्रायव्हर म्हणून गेला, तेव्हा “परत येऊ नको” असं म्हातारा बोलून बसला होता, आणि दोघांनीही तो शब्द हट्टाने पाळला होता. ही गाडी दारात आली तेव्हा मात्र म्हाताऱ्याने काचेतून आत वाकून विचारलं, “हिचा दिवा कुठं पेटवायचा रं?” तेवढ्या एका प्रश्नावर मोडलेलं घर पुन्हा सांधलं गेलं होतं. ते घर रविना आज पुन्हा मोडू देणार होती थोडीच!

“मी केलं,” पदराला हात पुसत ती पुढे आली.

“तू? डोळे फुटले होते काय तुझे?”

“चमक येईल वाटलं. चुकलं माझं.”

“आता सगळ्या दाभोशात हसं होईल माझं! ऐक, ज्यानी गाडीची ही दशा केली, तो उद्या गाडीत बसायचा नाय. बस!”

हळदीने माखलेली नवरी, रूपेशची बहीण प्रतिक्षा, हुंदके देऊ लागली. आई गेल्यापासून तिच्या वेण्या घातल्या त्या वहिनीने. तिच्या शेजारी पाठराखीण म्हणून बसायचा मान वहिनीचा. आणि दाभोसा तर रविनाचं माहेर! लग्नही तिथेच, मुलाच्या दारी; अख्खं गाव विचारणार, आमची रविना कुठे आहे म्हणून… पण कपाळाला हात लावून बसणाऱ्यांतली ती नव्हेच.

“नाय बसणार,” ती म्हणाली. “पण गाडी चमकूनच जाईल. ते मी बघते.”

जीप पकडून तिने मोखाडा गाठला. गाड्यांच्या सामानाच्या दुकानदाराने आधी चकाकीचा फवारा पुढे केला. “वहिनी, मारायचा नि पुसायचा.”

“ओरखडे जातील?”

“जात नाय. झाकून राहतात थोडे दिवस.”

“नको मग,” रविना म्हणाली. झाकण्याचं एक काम ती घरी करूनच आली होती, तेवढं पुरे होतं. तिने बारीक ओरखड्यांचं पॉलिश घेतलं, मेणाचा डबा घेतला, गाडीचा शॅम्पू नि मऊ फडकी घेतली. “पॉलिश हलक्या हाताने,” दुकानदाराने बजावलं, “ते रंगाची साल काढतं. मेण नंतर, पातळ.”

आंब्याच्या सावलीत गाडी उभी करवून तिने पदर खोचला. तेलकटपणा पुरता सुटेपर्यंत दोनदा धुतलं, कोरडं केलं, पॉलिश आधी दाराखालच्या कोपऱ्यात लावून बघितलं, आणि मग एकेक वीत अंगण सारवावं तशी ती बोनेटभर फिरली. मेणाचा पांढुरका थर सुकला आणि तिने फडकं ओढलं… लाल रंग आतून हसला! एक-दोन खोल ओरखडे तेवढे राहिले. राहोत बापडे.

“पोरी, मी सांगतंय त्याला,” लहान्याबाबा मागे येऊन उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळत होते.

“माझी शपथ हाय, बाबा! लग्न होऊन जाऊ दे.”

“तुझा मान गेला ना…”

“मान काय गाडीत ठेवलेला असतो?” ती हसली, पण पाठ वळताच तिचेही डोळे भरून आले.

सकाळी वऱ्हाड निघालं. नवरी मागे बसली, रूपेशने पुढचं दार उघडून बापाला हाक मारली. आणि लहान्याबाबांनी काठी उचलली, फेटा सारखा केला, नि ते गाडीला वळसा घालून रस्त्याने चालू लागले!

“बाबा, कुठं निघालात? ही जागा तुमची हाय!”

म्हातारा थांबला. “नाय पोरा. ज्यानी दशा केली त्यानी बसायचं नाय, तूच बोललास. तेल मी लावला. घासला पण मीच. तुझंमाझं बोलणं परत तुटंल म्हणून सुनेनी आळ अंगावर घेतला… मी दाभोशाला चालत येतंय.”

रूपेशला ब्रह्मांड आठवलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

“शपथ मोडली बाबांनी,” रविना पुटपुटली.

“रविना… मी तुला सगळ्यांसमोर…”

“मग सगळ्यांसमोरच सांग.”

“चुकलो मी!” भर वऱ्हाडात तो गडी लहान मुलासारखा रडला. “बस, रविना. तुझीच जागा हाय ती.”

“आधी बाबा.”

लहान्याबाबा परत आले, पण गाडीजवळ येताच त्यांनी हात आखडला. “डाग लागंल रं…”

रूपेशने बापाचा तो खरखरीत तळवा धरला आणि चकाकत्या बोनेटवर दाबून ठेवला. “लागू दे, बाबा.” किती तरी वेळ दोघांचे हात तिथेच होते.

रविना नवरीशेजारी बसली. प्रतिक्षाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. वहिनीने तिचे डोळे पुसले, मग आपले पुसले, आणि पदर सावरून पुढे बघत म्हणाली, “चला ड्रायव्हरसाहेब, माझं माहेर वाट बघतंय!”