जाळीआडचा माणूस

धापा टाकत ती गच्चीवर पोचली, तर समोरच्या छतावरचा दगडी माणूस हिरव्या जाळीत गुंडाळलेला!

"अहो! ही जाळी कधी निघणार?" तिने गल्लीपलीकडे हाक मारली.

पुतळ्याभोवती बांधलेल्या बांबूंच्या परांचीवरून धुळीने माखलेलं डोकं बाहेर आलं. पुतळ्याची डागडुजी करणारा कारागीर होता तो. "काम संपलं की."

"आणि काम कधी संपणार?"

"जाळी निघाली की कळेलच!"

तिला हसायचंही त्राण नव्हतं. छतांवरचे भव्य पुतळे कॅमेऱ्यात टिपत ती गावोगाव फिरली होती. पंखवाल्या बायका, उधळलेले घोडे... हा शेवटचा, पाठीवर पृथ्वी घेऊन वाकलेला. हा मिळाला की पुस्तक पुरं, मग घर. रोज नवी खोली, नवी उशी. खांद्यावरचा पिशवीच्या पट्ट्याचा वळ तर आता जातच नव्हता.

ती रोज येऊन कठड्याला टेकू लागली.

"याचा खांदा दुखत असेल, नाही?" एकदा तिने विचारलं.

"त्याचं मी बघतो. तुमच्या खांद्याचं कोण बघतं?"

ती उगाचच लेन्स पुसत राहिली.

मग एका दुपारी वारा सुटला. जाळी फडफडून वर उडाली आणि तो दमलेला दगडी चेहरा अख्खा समोर आला. तिने फोटो घेतला. आता सामान बांधायचं... पण तिने बांधलं नाही.

"अगं, येणार कधी?" ताईचा फोन. "तुझ्या खोलीत मी कपडे वाळत घालायला लागलेय!"

"जाळी निघाली की," ती म्हणाली, आणि स्वतःशीच लाजली.

दुसऱ्या दिवशी तिने लांबची लेन्स लावली, पुतळ्यावर नव्हे, जाळीच्या फटीतून दिसणाऱ्या कारागिरावर. तो पालथ्या बादलीवर बसला होता. पुतळ्याच्या त्याच त्या कानावरून ब्रश फिरवत होता. ब्रश कोरडा ठणठणीत!

"कारागीर, काम संपलंय तुमचं!"

हात थांबला. "...कधीच संपलंय. मुकादम रोज शिव्या घालतो. पण जाळी काढली की तुम्ही जाणार—"

"फोटो मिळालाय मला. वारा सुटला होता ना, त्याच दिवशी."

"मग गेला का नाहीत?"

"दमलेय हो." तिने कॅमेरा खाली केला. "कुठे जायचं म्हटलं की जीवावर येतं. इथे यायचं म्हटलं की... नाही येत."

तो जाळीची एकेक गाठ सोडत गेला. जाळी सळसळत खाली आली आणि दगडी माणूस उन्हात उघडा झाला.

"काढा फोटो!"

"राहू दे. तुम्ही खाली या आधी."

रस्त्यावर त्याने न विचारता तिची पिशवी खांद्यावर घेतली आणि एका बाजूला कलला.

"बाप रे! पृथ्वी भरलीय की काय यात?"

"जड होतेय?"

"होतेय," तो म्हणाला. पट्टा मात्र त्याने आणखी घट्ट धरला. "चला, कुठे जायचंय?"

"कुठे नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या मोकळ्या बाजूने चालू लागली.