भूतकाळात एकोणीस दिवस

आसावरी आणि शिशिरचं शेवटी जमलं. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला, कारण २००३च्या जानेवारीत ते अजून एकमेकांना ओळखतही नव्हते.

चंडीगडच्या सेक्टर ३४मध्ये सकाळी सातचा इंग्रजीचा क्लास. धुकं इतकं दाट, की आसावरी शेजारच्या टायपिंग क्लासचा जिना चढायला लागली, ठेचकाळली आणि "आई गं" म्हणाली. धुक्यातून एक मफलर बोलला, "अहो जी, इंग्लिशवाले इकडे." मफलरच्या आत शिशिर होता.

दोन मराठी आडनावं बघून रघुवीर सरांनी दोघांना एकाच बाकावर बसवलं. आसावरीला सगळे काळ यायचे, फक्त बोलताना वाक्य अर्ध्यावर अडायचं. शिशिरचे काळ कच्चे. ते पक्के करायचं काम सरांनी तिच्या गळ्यात घातलं.

इंग्रजी शिकणारा माणूस कॅनडालाच चाललेला असतो, हे सेक्टर ३४मध्ये इतकं उघड होतं की कुणी विचारतच नसे. आसावरीनेही विचारलं नाही. आणि हा शिशिर रोज खिशातून तिळाची गजक, म्हणजे तिकडची चिक्की, काढी, मोडी, मोठा तुकडा न बोलता तिच्या वहीवर ठेवी... आवडायलाच लागला ना. आता जितकं नीट शिकवावं, तितकं त्याचं विमान लवकर.

तिने भूतकाळ ताणला. एकोणीस दिवस. 'गो'चं 'वेंट' होतं, हे तिने बारा वेळा समजावलं. बाराही वेळा तो नव्याने चकित झाला.

विसाव्या दिवशी सरांनी दम भरला, भविष्यकाळ आजच हवा.

"कुठे जाणार आहेस..." ती खिडकीकडे बघत म्हणाली, "त्यावर लिही एक वाक्य."

त्याने लिहिलं – आय विल नॉट गो टु कॅनडा.

"गलत आहे?"

"वाक्य बरोबर आहे. पण... खरं आहे?"

"पक्का. इंडस्ट्रियल एरियात आमचा नट-बोल्टचा कारखाना आहे, यार. इथेच पडलेला माल 'पोचेल' लिहायचं सोडून 'पोचला' म्हणून मी परदेशी फॅक्स केला. पप्पा म्हणाले, आधी शिकून ये." मग मान खाली घालून, "तू कधी चाललीयेस?"

"कुठे?"

"कॅनडा."

"मला बँकेच्या मुलाखतीत बोलायचंय. सेक्टर १७मध्ये."

त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे 'वेंट' मी उगाच विसरत होतो?"

आसावरीने इतका मोठा श्वास सोडला, की पुढच्या बाकावरच्या बाईंनी स्वेटरची बटणं लावली. शिशिरने उरलेली सगळी गजक तिच्या वहीवर ठेवली. न मोडता.

त्याच दुपारी दोघांनी मिळून पहिलं बिनचूक इंग्रजी पत्र लिहिलं. त्याचा मराठी मसुदा असा:

प्रति, व्हिसा अधिकारी, कॅनडा.
महोदय, आम्ही आपल्याकडे अर्ज केलेला नाही, करणारही नाही. तरी आम्हा दोघांना प्रवेश नाकारल्याचे पत्र सही-शिक्क्यानिशी मिळावे. दोन्ही नावे एकाच कागदावर असावीत, ही नम्र विनंती.