समोरचा कोपरा

आदिनाथची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी उठले आणि माझ्याबरोबर खुर्चीही उठली.

पिंपरीतल्या कामगार वस्तीतली अंगणवाडी होती ती. मुलांच्या मापाची लाल प्लास्टिकची खुर्ची, तिच्यात मी कशीबशी मावलेली. उठायला गेले तर खुर्चीचे हात कमरेला घट्ट. दारापाशी एक सावळा तरुण मांडी घालून बसला होता. मला वाटलं, मुलाला न्यायला आलेला कुणीतरी बाबा असेल.

"ओढू का?" त्याने विचारलं.

"खुर्चीला की मला?"

"तुम्ही म्हणाल त्याला... तुम्ही निशिगंधा ना? मी आदिनाथ. उद्यापासून तुमचा जोडीदार." मग कानापर्यंत लाल होत म्हणाला, "म्हणजे — निरीक्षणातला."

आमची संस्था अंगणवाड्यांची गुणवत्ता सुधारण्याचं काम करते. वर्गात दोघं जातात, समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसतात आणि मुलं काय करतात ते आपापलं लिहितात. एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. आणखी एक नियम आहे, तो सगळ्यात कडक. दिसलं तेवढंच लिहायचं. 'मूल हसलं' चालतं. 'मूल खूश आहे' चालत नाही. तो आपण लावलेला अर्थ झाला. रसायनशास्त्र शिकलेल्या मला हा नियम फार आवडायचा. आदिनाथला अजिबात नाही.

"ती पोरगी खिडकीपाशी आईची वाट बघत होती. ते काय लिहायचं?" बसस्टॉपजवळच्या टपरीवर चहा घेताना तो वाद घालायचा.

"मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती."

"आणि डोळ्यांत पाणी होतं त्याचं काय?"

"डोळ्यांत पाणी होतं."

"तुमच्या शास्त्रात कुणी कुणाची वाटच बघत नाही का हो, मॅडम?"

ते दिवस आठवले की अजून आधी चहातल्या आल्याचा वास येतो, मग कंपनीच्या बसचा धूर, आणि मग कोपरापर्यंत दुमडलेली त्याची बाही...

गेल्या डिसेंबरात आमचं शिबिर चाकणच्या पुढे, भामा नदीकाठच्या एका शेतावर होतं. शिबिरात दरवर्षी जुन्या जोड्या मोडतात. फार दिवस एकत्र बसलेली माणसं सारखंच बघायला लागतात आणि चुकतातही सारखीच, असं आमच्या प्रमुख वर्षाराणी मॅडम म्हणतात. त्या वर्षी पाळी आमची होती. आदिनाथ जुन्नरला जाणार, मी रावेतला. समोरच्या कोपऱ्यात आता दुसरंच कुणीतरी बसणार होतं, आणि मी आदिनाथला काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? माझ्याकडे नुसते अर्थ होते.

सकाळी सरावाचा खेळ झाला. मोठ्या बायका मुलं झाल्या. पन्नाशीच्या अंगणवाडी सेविका शालनबाई तर दोन वेण्या घालून आल्या होत्या. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. शेवटचं एकत्र निरीक्षण.

मी मान वर केली. तो माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं. पुन्हा वर — तो अजूनही... बाहेर कांद्याच्या वाफ्यांत पाणी सोडलं होतं, त्या मातीचा वास खोलीभर पसरला होता. कुठेतरी ठोकळे पडले, ते फार लांबून ऐकू आल्यासारखे वाटले.

खेळ थांबला. "शालन शेवटी काय करत होती?" वर्षाराणी मॅडमनी विचारलं.

"ठोकळे लावत होती," मी म्हणाले.

"आदिनाथ?"

"ठोकळेच... लावत होती."

तेवढ्यात शालनबाई दारातून आत आल्या. पाय चिखलाने भरलेले, हातात कांद्याची पात.

"अवो, कशाचे ठोकळे? मी पार वावरात जाऊन आले की! पोर हरवलं आन् या दोघांना पत्ता न्हाई!"

मॅडमनी चष्मा काढला. "मग हे बघत कुठे होते?"

"ह्यो तिच्याकडं आन् ती ह्याच्याकडं. म्हनून तर मी सटकले!"

खोलीत जे हसू फुटलं ते जेवणाच्या पंगतीपर्यंत थांबलं नाही. पिठलं-भाकरी कशीबशी संपवून मी बांधावर जाऊन उभी राहिले. मागून पावलं आली.

"मॅडम, एक नोंद सांगायची होती."

"सांगा."

"मुलगी सारखी समोरच्या कोपऱ्याकडे बघते. तिकडून कुणी बघितलं की मान खाली घालते. टपरीवर आपला चहा मुद्दाम उरवते. बस आली तरी म्हणते, अजून संपला नाही."

"हे सगळं दिसलेलं आहे," मी म्हणाले. आवाज माझाच वाटत नव्हता. "अर्थ कुठाय?"

"अर्थ लावायची परवानगी नाही ना. तुम्हीच शिकवलंय."

वाऱ्याने कांद्याची कोवळी पात एका बाजूला लवली. मी एक मोठा श्वास घेतला.

"मग मी लावते... मला तू आवडतोस, आदिनाथ. कधीपासूनच."

 त्याचा सगळा चेहरा उजळत गेला.

"मूल हसलं," मी पुटपुटले.

"छे! मूल खूश आहे," तो म्हणाला. "तसंच लिही."

आमची जोडी त्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मोडली. रावेतच्या अंगणवाडीत आता समोरच्या कोपऱ्यात स्वप्नाली बसते. माझं एकही मूल नजरेतून सुटत नाही. तरी त्या टपरीवरून जाताना, समोर कुणी वाद घालत नाही, याचं थोडं दुखतंच.

शनिवारी संध्याकाळी जुन्नरकडून येणारी एसटी नाशिक फाट्याला थांबते. त्या वेळी कुणी निरीक्षक तिथे असलाच, तर तो एवढंच लिहील — मुलगी रस्त्याकडे बघत उभी आहे.

खरं तर ती वाट बघत असते.