मागच्या खोलीतला टेकू

नवरात्रातल्या एका सकाळी तुळजापुरात अमरसिंहाच्या घराचं मागचं माळवद खाली आलं. लाकडावर तोललेलं मातीचं जुनं छप्पर. ढिगाऱ्यातून भुवनेश्वरी निघाली. कर्नाटकातून देवीला चालत आलेली बाई. सोलापूरच्या दवाखान्यात ती अजून शुद्धीवर नव्हती.

घराचं काम चालू होतं. छपराला लाकडी बल्लीचा टेकू होता. तो कुणीतरी काढला होता.

कुणी?

मिस्त्री शांतलिंगानं, असं अमरसिंहाचं म्हणणं. त्याच दुपारी हवालदार शांतलिंगाला न्यायला दारात उभाच होता. विमा कंपनीनं धाडलेल्या खासगी तपासनीस राजेश्वरीनं त्याला थोडं थांबायला सांगितलं.

पॉलिसीतली अट

काम चालू असलेल्या खोलीत कुणी राहू नये. घरमालकानं राहू दिलं, तर भरपाई नाही. चूक मिस्त्रीची असेल, तर कंपनी भरपाई देईल आणि मिस्त्रीकडून वसूल करील.

अंगण

राजेश्वरीचा मामा गौरीशंकर गाडी चालवून दमला होता. अंगणातल्या लोखंडी खाटांपैकी एकीवर तो टेकला.

"मामा, धोतर पांढरं आहे तुमचं."

तो दचकून उठला, मागं झटकलं. काहीच उडालं नाही.

"स्वच्छ हाय की! उगं भेवडवतीस."

राजेश्वरी मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी वाकली होती. तिथं बल्लीखाली ठोकायची लाकडी पाचर पडली होती. पाचरीच्या निमुळत्या टोकाला मुंग्या लागलेल्या. त्या टोकावर लोखंडाचा एकही घाव नाही.

"लाकूड सडलं आसंल," मामा म्हणाला.

अमरसिंह

"खोलीत काय होतं?"

"खाटा. दुसरं काय न्हाय. दार बाहेरून नुसतं ओढलेलं."

"भुवनेश्वरी आत कशी?"

"आडोसा बघत शिरली आसंल. गर्दी बघा की गावात. आन् मिस्त्री पहाटंच आलता, इचारा त्याला. दुसऱ्या कामावर बल्ल्या पायजे होत्या त्याला."

शांतलिंग

"आलतो, व्हय. माझी वळंब्याची दोरी न्यायला. मागचं दार ढकललं, उघडलं न्हाय. आतून कडी. म्हटलं घरचं कुणीतरी हाय, गेलो माघारी."

"हे पोलिसांना सांगितलं?"

"कोण ऐकतंय, ताई? धाकटीचं लगीन ठरलंय. बाप आत गेला तर कोण उभं करंल तिला दारात?"

मथुराबाई

अमरसिंहाची आई स्वयंपाकघरात होती. पाट्यावर कालच्या दाण्याच्या कुटाचा थर तसाच होता. वरवंटा नुकताच धुतलेला.

"काकू, उपास?"

"नऊ दिस. अनवाणी, भुईवर निजणं. खाट वर्ज्य."

"देवीला आलेल्या बायकांनाही?"

म्हातारी चुलीकडे वळली.

उलगडा

राजेश्वरीनं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"मामा, छप्पर पडलं तेव्हा या खाटा खोलीत असत्या, तर तुमच्या धोतराचं काय झालं असतं?"

"माती माती!"

"म्हणजे खाटा आधीच बाहेर निघाल्या होत्या. एवढ्या खाटा कोण काढतं? ज्यांना नवरात्रात भुईवर निजायचंय ते. पहाटे दाराला आतून कडी होती. आत माणसं निजली होती."

अमरसिंह मध्येच म्हणाला, "मिस्त्री खोटं बोलतोय."

"त्याचं सोडा. पाचर बघा. मिस्त्रीनं ती हातोडीनं ठोकून काढली असती, तर या टोकावर लोखंडाचा घाव उमटला असता. ही दगडानं काढलीय. दगडाला तेलकट कूट होता, म्हणून मुंग्या. घरात असा एकच दगड आहे, वरवंटा, आणि कालचा पाटा तसाच असताना तो तेवढा धुतलाय."

मामानं एकदा पाचरीकडे पाहिलं, एकदा मथुराबाईकडे.

"म्याच," मथुराबाई म्हणाली. "बायका रस्त्यावर बसल्या होत्या. म्हटलं, या आत. बल्ली मधोमध, पाय पसरता येईना कुणाला. मिस्त्रीला पाचर काढताना बघितलंतं म्या. वाटलं, एवढं जुनं माळवद, एका रात्रीत काय होतंय. रात्रभर तगलं. पहाटं बाकीच्या दर्शनाला गेल्या. हिचे पाय सुजलेले, ही मागं राहिली."

"आई, गप बस तू!" अमरसिंह ओरडला. मग राजेश्वरीकडे वळून हात जोडले. "मॅडम, कंपनीकडनं एक रुपाया येणार न्हाय मग. दवाखाना, कोर्ट, सगळं आमच्याच डोक्यावर. शांतलिंगला मी वकील देतो, सोडवून आणतो."

"आन् माझ्या पोरीचं लगीन?" शांतलिंग म्हणाला. आवाज चढला नव्हता.

मथुराबाईनं पदर सारखा केला आणि हवालदारासमोर जाऊन उभी राहिली.

"त्याला सोडा. माझं नाव लिहा."

"आई, घर जाईल."

"जाऊ दे. माझ्याच नावावर हाय."

"आन् ती बाई वाचली, तिनं कोर्टात तुझ्याविरुद्ध सगळं सांगितलं, तर?"

"ती वाचू दे रे बाबा," म्हातारी म्हणाली. "काय सांगायचं ते सांगू दे."