पाचवं भोक

"बाई, लवकर या. एक गेलीय आणि दुसऱ्याचं काही खरं नाही." फौजदाराचा फोन होता.

"दोघं होते ग्लायडरमध्ये?"

"ग्लायडरमध्ये एकच. दुसऱ्याला जमिनीवर मारलंय."

तपासनीस बाई निघाल्या. त्यांच्या गाडीत कायम दोन मोठे वजनकाटे असत. विमान पडलं की लोक वाऱ्याला दोष देतात, नशिबाला देतात, शेवटी मेलेल्याला देतात आणि जेवायला जातात. बाई आधी वजन बघत. त्यावरून खात्यात त्यांची थट्टा व्हायची, पण बाईंच्या अंगाला ती कधी चिकटली नाही.

मैदानाचं फाटक पोलिसांनी दहा वाजताच बंद केलं होतं. आतला माणूस बाहेर गेला नव्हता. गेली होती ती फक्त रुग्णवाहिका.

ग्लायडर नाकावर आपटलं होतं. पुढचा भाग सीटपर्यंत चेपला गेला होता आणि आत बसलेल्या वैमानिक बाईच्या पायांची हाडं मांड्यांतून वर आली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून एक शिपाई कडेला जाऊन ओकला. हात मात्र शाबूत होते. दोन्ही मुठींत नाक वर-खाली करायचा दांडा होता, अगदी शेवटपर्यंत पुढे दाबलेला. म्हणजे वर उचललेलं नाक खाली आणायला ती जिवाच्या आकांताने धडपडली होती, आणि ग्लायडरने तिचं ऐकलं नव्हतं.

तिला क्लबात सगळे चिमणी म्हणत. वजन एक्कावन्न किलो, सात किलोचं पॅराशूट धरून अठ्ठावन्न.

ग्लायडरला इंजिन नसतं. किलोमीटरभर लांब एक विंच उभा असतो, तो दोर गुंडाळत ग्लायडरला पतंगासारखं वर ओढतो. त्या विंचवर त्या सकाळी चिमणीचा नवराच होता. ऐंशी मीटरवर ग्लायडरचं नाक आभाळाकडे गेलं, एक पंख गळला आणि ते गिरक्या घेत खाली आलं. नवरा किलोमीटरभर धावत आला, बायकोकडे एकदा बघितलं, तिथेच पडलेली लोखंडी पहार उचलली आणि ग्लायडर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या तोंडावर घातली. एकदा नाही, तीनदा. पहिल्या घावात जबडा गेला, दुसरा घाव मिस्त्रीने उजव्या हातावर झेलला, तिसऱ्याने कवटीला तडा गेला. गवतावर मिस्त्रीचे चार दात पडले होते. फौजदाराने ते रुमालात बांधून ठेवले होते. त्यांचं काय करायचं ते त्यालाही कळत नव्हतं.

बाई चेपलेल्या कॉकपिटमध्ये वाकल्या. समोरच्या फळीवर बोटभर रुंदीची अॅल्युमिनियमची पट्टी होती. तिच्यावर सुकलेलं रक्त होतं, ते त्यांनी अंगठ्याने खरवडलं. अक्षरं कोरलेली होती: वैमानिकाचं किमान वजन ५५ किलो, कमाल ११०. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. वरच्या कडेला मधोमध एक रिकामं भोक, त्यातून मागची काळी फळी दिसत होती. बाईंनी फोटो काढला.

"काय बघता त्यात? मिस्त्रीचा हलगर्जीपणा आहे हा, सरळ सरळ." मागून आवाज आला.

क्लबचे मुख्य शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. साठीचा धिप्पाड गडी, डोळे लाल. पाठीवरचं पॅराशूट त्यांनी अजून उतरवलं नव्हतं.

"कसा?"

"महिन्यापूर्वी याची शेपटी मोडली. मिस्त्रीने जोडली. जोड म्हणजे वजन आलंच. शेपटी जड झाली की पुढे बसणाराही तेवढा जड लागतो, नाहीतर नाक वर जातं आणि खाली येत नाही. दुरुस्तीनंतर पुन्हा तोलून पट्टी बदलायची असते. या गृहस्थाने तोललंच नाही. जुनीच पट्टी ठेवली. पंचावन्न वाचून पोर बसली बिचारी."

"आणि तोललं असतं तर?"

"तर काय, सीटखाली शिशाच्या तीन पाट्या टाकून ती सुखरूप परत आली असती."

"दुरुस्तीनंतरची चाचणी कोणी घेतली?"

"मीच. आज नऊ वाजता. मला कळलं नाही. मी पंचाण्णव किलोचा माणूस, मला कसं कळणार?"

"तेव्हा पट्टी बघितलीत?"

"बघितली की. हीच होती."

"शेपटी नवी आणि पट्टी जुनीच कशी, असं नाही विचारलंत?"

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "ते ओझं मला जन्मभर वाहायचंय."

चिमणीच्या नवऱ्याला क्लबच्या कचेरीत बसवलं होतं, हातात बेड्या. मिस्त्रीचं रक्त त्याच्या सदऱ्यावर वाळलं होतं.

"काल रात्री तुमचं भांडण झालं म्हणे. सगळ्यांनी ऐकलं," बाई म्हणाल्या.

"झालं."

"कशावरून?"

"सोमवारच्या चौकशीवरून. महिन्यापूर्वी मास्तरांनी ग्लायडर शेपटीवर आपटलं ना, तेव्हा पुढे एक शिकाऊ बाई होती. तिचा कणा मोडला, आता कमरेखाली काही हलत नाही तिचं. माझी बायको म्हणायची, मास्तर पिऊन उडाले होते, मी बाटली बघितलीय, मी सांगणार."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, जाऊ दे. मास्तरांनी आपल्याला हात धरून उडायला शिकवलं. ती म्हणाली, ज्याचा हात धरून शिकलो तोच आता थरथरतो. महिनाभर ती त्या बाईच्या उशाशी होती, क्लबात फिरकलीसुद्धा नव्हती. आजच आली."

"सकाळी तुम्ही ग्लायडरजवळ गेला होतात?"

"नाही. आठपासून विंचवर होतो. विंचच्या वहीत नोंद आहे, शिपायाने बघितलीय." मग त्याने मान वर केली. "बाई, मिस्त्री मेला का?"

"अजून नाही."

"मरू दे," तो म्हणाला, आणि बेड्यांत अडकलेल्या हातांनी तोंड झाकून हमसून रडू लागला.

फौजदार दाराशी उभा होता. "माझ्या दृष्टीने चित्र स्वच्छ आहे. मिस्त्रीचा निष्काळजीपणा, नवऱ्याचा संताप. चार वाजता साहेबांना कळवतो. मिस्त्री वाचला तर तुरुंगात, नाही वाचला तर हा तुरुंगात. तुमचं काही वेगळं असेल तर चारच्या आत सांगा."

घड्याळात बारा वाजले होते.

मिस्त्रीच्या वर्कशॉपला कुलूप नव्हतं, कधीच नसायचं. आत सगळं इतकं जागच्या जागी की अंधारातही हातोडी सापडावी. शिशाच्या पाट्या भिंतीशी रचलेल्या. बाईंनी एक काट्यावर ठेवली. बरोबर तीन किलो. वजनांच्या नोंदवहीतलं शेवटचं पान फाडलेलं होतं. ते कोणी फाडलं हे वही सांगणार नव्हती.

बाकावर एका आडव्या तारेत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ओवलेल्या होत्या, वीसेक तरी.

"रद्द झालेल्या आहेत त्या," दारातून एक बाई म्हणाली. मिस्त्रीची बायको. नवऱ्याचा जुना चष्मा न्यायला आली होती. "नवी बसवली की जुनी काढून खिळ्याने वर भोक पाडायचं आणि तारेत ओवायची. टाकून दिली तर कोणीतरी उचलून दुसऱ्याला बसवेल म्हणतात."

"ग्लायडरवर असताना भोक नसतं?"

"तेव्हा कशाला असेल?"

"दुरुस्तीनंतर ग्लायडर पुन्हा तोलल्याचं ते घरी बोलले होते?"

"ते कुठे बोलतात, बाई. तीस वर्षांत मोजून बोलले असतील. मी चिडले की म्हणायचे, माझी पट्टी बोलते, मी कशाला बोलू." तिने चष्मा पदरात गुंडाळला. "आता तर जबडाच नाही राहिला. शुद्ध आली तरी लोक त्यांनाच खुनी म्हणणार ना?"

बाईंना कोणाला खोटा धीर द्यायची सवय नव्हती. "चारपर्यंत थांबा," एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हँगरचे दरवाजे लावून घेतले. वाऱ्याची झुळूक पंखाखाली शिरली तरी काटा खोटं बोलतो. मोडलेला सांगाडा, तुटलेले पंख, रक्ताने चिकटलेली गादी, एकेक तुकडा काट्यावर चढला. शेपटीची दुरुस्ती वेगळी तोलली. कुठला तुकडा चाकापासून किती लांब असतो ते जुन्या कागदावर होतं. बाईंनी हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. साडेतीन वाजले होते.

पावणेचारला सगळे वर्कशॉपमध्ये जमले. मास्तर शिशाच्या पाट्यांशेजारी स्टुलावर बसले, पॅराशूट आता मांडीवर. नवरा शिपायाजवळ उभा. मिस्त्रीची बायको दाराशी.

"मिस्त्रीने ग्लायडर तोललं होतं आणि पट्टीही बदलली होती," बाई म्हणाल्या.

"पुरावा?" फौजदाराने विचारलं.

"ही पट्टी. चार स्क्रूंना चार भोकं पुरतात. हिला पाच आहेत. पाचवं भोक मिस्त्री एकाच वेळी पाडतो, पट्टी रद्द करताना. म्हणजे ही काढली गेली, तारेत ओवली गेली, आणि मग कोणीतरी तारेतून उपसून परत बसवली. नवी पट्टी काढून."

नवऱ्याने मान वर केली.

"नवीवर काय आकडा होता?" फौजदार म्हणाला.

"सदुसष्ट. चिमणी अठ्ठावन्न. फरक नऊ किलोंचा, म्हणजे शिशाच्या तीन पाट्या." बाई मास्तरांकडे वळल्या. "मला हा आकडा साडेतीनला कळला, सगळे तुकडे तोलल्यावर. मिस्त्री बेशुद्ध. वहीतलं पान नाही. तुम्ही मला सकाळीच कसं सांगितलंत, तीन पाट्या म्हणून?"

"अंदाज, बाई. चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

"अंदाज करणारा दोन-चार म्हणतो. तुम्ही तीन म्हणालात, कारण नऊ वाजता चाचणीला बसलात तेव्हा डोळ्यासमोर सदुसष्ट होतं. शिकवणारा माणूस, पट्टी वाचली की मनात शिसं मोजतो. तुमच्यानंतर आणि तिच्याआधी त्या ग्लायडरमध्ये कोणी बसलं नाही. विंचवाला लांब होता. मिस्त्रीला जुनीच पट्टी ठेवायची असती तर त्याने नवी मुळात लावलीच नसती."

"आणि मी का करीन असं?"

"सोमवारी ती बोलणार होती म्हणून."

फौजदार स्टुलाकडे सरकला.

"पोलिसांनी दहाला फाटक लावलं," बाई पुढे म्हणाल्या. "नवी पट्टी मैदानातच आहे. सकाळपासून तुम्ही ते पॅराशूट खाली ठेवलेलं नाही. त्याची घडी तुम्ही दुसऱ्या कोणाला घालू देत नाही, हात लावू देत नाही, असं सगळे सांगतात. फौजदार, जरा उघडून बघा."

साठीचा माणूस इतका चपळ असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मास्तरांनी भिंतीशी रचलेली शिशाची पाटी उचलली आणि बाईंच्या डोक्यावर उगारली. बाईंनी हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव पडायच्या आत नवऱ्याने झेप घेतली, बेडीची साखळी मास्तरांच्या गळ्यात टाकली आणि गुडघा पाठीत रोवून ओढली. मास्तरांचे डोळे बाहेर आले, जीभ लोंबली, टाचा जमिनीवर आपटू लागल्या. शिपाई आणि फौजदार दोघे मिळून नवऱ्याला मागे ओढू शकेनात.

"सोड," बाई म्हणाल्या. मोडलेला हात पोटाशी धरून त्या त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "सकाळी तू घाई केलीस आणि बिनगुन्ह्याचा माणूस ठेचलास. आता पुन्हा घाई केलीस तर तुझी बायको कशी मेली हे सांगणारा उरणार नाही."

साखळी सैल पडली. मास्तर जमिनीवर रक्त थुंकले.

"तिला म्हटलं होतं, गप्प बस," ते घरघरत्या आवाजात म्हणाले. "पाया पडलो पोरीच्या. उडणं गेलं तर माझ्याकडे उरतं काय?"

पॅराशूटच्या घडीत पट्टी सापडली. किमान वजन ६७ किलो. भोकं चारच. तिच्याभोवती नोंदवहीचं फाडलेलं पान गुंडाळलेलं होतं.

फौजदाराने चार वाजता साहेबांना फोन केला. सांगताना दोनदा अडखळला, पण सगळं सांगितलं.

पाचव्या दिवशी मिस्त्रीला पुरती शुद्ध आली. जबडा तारांनी बांधलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. बाईंचा हातही प्लास्टरमध्ये. चिमणीच्या नवऱ्याने विनंती केली म्हणून फौजदार त्याला घेऊन आला होता. तो खाटेपासून चार हात लांब उभा राहिला.

"दादा, ती पट्टी तुम्ही बदलली होती. मला आता माहीत आहे," तो म्हणाला. "मी तुमच्यावर पहार उचलली. कोर्ट देईल ती शिक्षा मी घेईन. तुम्ही वेगळी काय द्याल ती पण घेईन."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने बायकोला खूण केली. तिने जुना चष्मा त्याच्या नाकावर बसवला आणि लिहायची पाटी डाव्या हाताशी सरकवली. डाव्या हाताने लिहायला त्याला फार वेळ लागला. अक्षरं लहान मुलासारखी, वाकडीतिकडी. त्याने पाटी नवऱ्याकडे वळवली.

'तिला तोंडाने सांगायला हवं होतं मी.'

नवऱ्याने ते वाचलं आणि तो खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून खाली बसला. मिस्त्रीने पाटी परत जवळ ओढली आणि खाली आणखी लिहायला घेतलं. तीस वर्षं न बोललेल्या माणसाला त्या दिवशी बरंच सांगायचं होतं, आणि ते सगळे थांबले.